बसूचा सोमवार

उदगीर,
४ जानेवारी १९८३

चि. पंचाक्षरी यास गुरम्मा आत्याचा आशीर्वाद.

तू सध्या कुठल्या गावची हवा खातोयस ते शिवालाच माहीत. म्हणून हे पत्र शिवलिंगभाऊजींच्या नांदेडच्या पत्त्यावर टाकते. जेवायला म्हणून तरी त्यांच्याकडं उगवशीलच.

काम असं हाय. ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आपण पेढे वाटले, आता भोगतो. आधी कामगारांचा साहेब उस्मानाबादेत बसायचा. तिथून उदगीर म्हणजे त्याला परमुलूख. आता लातुरात बसून राहिलाय, नवी जीप हाय, आणि जीप कुठंतरी चालवायलाच पाहिजे. गेल्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या तेल गिरणीत शिरला आणि मालकाला दुपारभर कायदा वाचून दाखवला. मालक अजून अंथरुणात हाय.

तुझे मामा गेल्यापासून ही डाळ मिल मी एकटीनं ओढली, पण कायदा मला वाचता येत न्हाई. माझी अडचण अशी. चाळणीवर बसणारी साखराबाई, ऊसतोडीला गेलेल्या भुजंगची बायको, तिला दिवस गेलेत. सहावा सरला असंल. तिचा हात लागला की डाळीत खडा राहत न्हाई, म्हणून हैद्राबादचा व्यापारी आपलीच डाळ मागतो. पण आता पोट घेऊन ती वाकणार किती? ठेवली तर साहेब म्हणंल पोटुशीला राबवती. घरी पाठवली तर काय म्हणंल? भाऊजी वकील हायत. त्यांना नीट विचार आणि लगेच कळव. लगेच म्हणजे तुझं लगेच न्हाई, माणसांचं लगेच.

पाऊस पडला न्हाई हे तुला सांगायला नको. टँकर येतो तेव्हा आख्खी गल्ली घागरी घेऊन भांडते. बसू बैल मात्र मजेत हाय. काल सोमवार असून दगडोबा गाडीवाल्यानं त्याला काठी टोचून उठवलं. गाडी जुंपायची नव्हती, खालचं शेण ओढायचं होतं म्हणे. मी म्हटलं, नंदी हाय तो! सोमवारी ह्या घरात त्याला जुंपत न्हाईत, आणि गोठ्यात बसलेल्याला कुणी उठवत न्हाई. माझ्या सासऱ्याच्या आज्यापासून चालत आलंय. दगडोबाला दिवस मावळंपर्यंत गोठ्याच्या दाराशी उभा केला. आता शहाणा झाला असंल.

तुझी,
गुरम्मा आत्या

•

नांदेड,
१२ जानेवारी

ती. आत्याबाईस पंचूचा साष्टांग शरणार्थ.

तुझं पत्र आलं तेव्हा मी शिवलिंगकाकांच्या ओसरीवर झोपलो होतो, म्हणजे पत्र अगदी योग्य माणसाच्या अंगावर पडलं. हे कार्ड घाईत लिहितो, कारण खाली पंढरी उभा हाय. पंढरी कोण म्हणशील तर छत्र्या दुरुस्त करणारा. आत्या, ह्या सालात, जिथं आभाळानं तोंड दाखवलं न्हाई तिथं, हा माणूस छत्र्या दुरुस्त करत फिरून राहिलाय! मी विचारलं, "बाबा, डोकं ठिकाणावर हाय का?" तो म्हणाला, "पाऊस नसला म्हणून ऊन थांबलंय का?" बिनतोड. मी दुपारभर त्याच्याजवळ बसलो, काड्या बसवायला शिकलो. तो उद्या नायगावकडं निघणार, मीही चाललो.

आता कायदा. काका जेवत होते, तरी बोलले. पोटुशी बाई कामावर असली तर बाळंतपणाच्या आधी काही आठवडे आणि नंतर काही आठवडे मालकानं तिला पगारी रजा द्यायची. काम न्हाई, पगार चालू. मग त्यांनी विचारलं, तुझ्या आत्याच्या मिलमध्ये बायांना आठवड्याची सुट्टी कधी? मी म्हटलं, बायांचं ठाऊक न्हाई, बैलाला सोमवारी असते. काकांना ठसका लागला. का ते कळलं न्हाई.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती पहिलीहून महत्त्वाची हाय, पण कार्ड संपलं. दुसऱ्या कार्डावर लिहि

•

उदगीर,
२० जानेवारी

चि. पंच्या,

कार्डावर जागा नव्हती तर छत्रीवाला कशाला लिहिलास? त्या छत्रीत अर्धा कायदा झाकून गेला. आठ दिवस झाले, दुसऱ्या कार्डाचा पत्ता न्हाई.

असू दे. कळायचं ते कळलं. काम न्हाई आणि पगार चालू, हा कायदा न्हाई रे, ही तर तुझी जन्मकुंडली. आणि पहिली गोष्ट एवढी जड, तर दुसरी त्याहून जडच असणार. साहेबाची जीप अहमदपुरात दिसली असं ऐकलं. मी विचार केला. कायदा कुणाला? कामावर असलेल्या बाईला. मग बाईच कामावर नको. साखराबाईला परवा घरी पाठवली. सांगितलं, पंचाक्षरीचं कार्ड आलंय, वकिलाचं म्हणणं असं असं हाय, माझा इलाज न्हाई. चौथी शिकलेली हाय मी, पण डोकं वकिलाचं हाय का न्हाई?

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं पदर झटकून डाळीचा भुसा काढला, चाळणी भिंतीला उलटी टेकवली आणि गेली. तुळजाबाईला मात्र तोंड हाय. सगळ्यांदेखत म्हणाली, "अव्वा, गाभण म्हशीला तरी पेंड वाढवता की ओ तुम्ही." मी म्हटलं, तू तुझी डाळ निवड.

आता चाळणीवर रत्नम्माला बसवलीय. तिच्या डाळीत खडेच काय, मुंगळेसुद्धा निघतात. मला दोन दिवस जेवण गेलं न्हाई, पण ते पित्तानं.

जिथं असशील तिथून उत्तर दे.

गुरम्मा

•

नायगाव, तालुका बिलोली,
१२ फेब्रुवारी
(हस्ते साखराबाई)

आत्या,

तू मला पत्र लिहिलं असशील तर ते नांदेडला पोचलं असंल, मी न्हाई पोचलो. पण तुझं उत्तर मला मिळालं. रस्त्यावर खडी फोडत बसलं होतं.

सगळं सांगतो, चिडू नकोस. चिडशीलच, पण मधेच कागद फाडू नकोस, कारण दुसरी गोष्ट शेवटी हाय.

पंढरी आणि मी नायगावला आलो. वाटेत दोन ठिकाणी अडकलो. एकीकडं कुस्त्या होत्या, दुसरीकडं एका म्हाताऱ्याची विहीर खणणं चालू होतं आणि तिथं पाणी लागतं का दगड ह्यावर पैज होती. दगड लागला. इथं रोजगार हमीचा रस्ता चालू हाय. उन्हाला झाड न्हाई, म्हणून पंढरीच्या दुरुस्त केलेल्या जुन्या छत्र्या गुळासारख्या खपल्या. मी मुकादमाला छत्री उघडून दाखवत होतो, तर मागून आवाज आला, "पंचूभाऊ, तुमीच का ते कार्डवाले?"

वळून बघतो तर साखराबाई! खडीच्या ढिगावर पाय पसरून, मधे पोट, हातात हातोडी. हिचं माहेर नायगावच्या शिवारात हाय हे मला काय माहीत? मी म्हटलं, "तू हितं कशी?"

म्हणाली, "तुमच्या कार्डानं पाठवली की. अव्वांनी सगळं वाचून दाखवलं. छत्रीचं बी वाचलं."

"पण कामावरून काढा असं मी कुठं लिहिलं होतं?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मला काय, खडा काढायची सवय हाय. तिथं डाळीतला काढत होते, हितं डोंगरातला काढून राहिले."

बाजूच्या बाया हसल्या. तीही हसली, मग कंबरेला हात लावून पुन्हा हातोडी उचलली. आत्या, मी आजवर लई गावं फिरलो, लई लोकांनी मला शिव्या दिल्या, सगळ्या कमरेला बांधून पुढं निघालो. पण तिनं ती हातोडी उचलली ना, तेव्हा मला पुढं जाता येईना. पंढरी म्हणाला, चल. मी म्हटलं, तू हो पुढं.

तर दुसरी गोष्ट. काका म्हणाले होते: दिवस गेलेत म्हणून बाईला काढता येत न्हाई. काढली तरी रजेचा पगार मालकाला चुकत न्हाई, वर खटला होतो तो वेगळा. म्हणजे तू वकिलाचं डोकं चालवून जे केलंस, नेमकं तेच करू नये असं कायद्यात लिहिलंय. कार्ड अजून दोन बोटं लांब असतं तर ही बाई हितं नसती. दुसरं कार्ड टाकायचं राहून गेलं, चूक माझी हाय. पण आत्या, दोन बोटं तुझीही हायत. कायद्याचं सोड, तुला ठाऊक न्हवतं का गं?

ती परत यायला तयार न्हवती. म्हणाली, "दारात उभी राहून मागायला मी भीक मागत न्हाई." मी म्हटलं, मागू नको, नुसती जा. मग काहीतरी आठवल्यासारखी हसली आणि विचारलं, उद्या कुठला वार? मी म्हटलं, रविवार. म्हणाली, मग जाते. का ते सांगितलं न्हाई. मी तिला देगलूरच्या एसटीत बसवतोय, तिथून उदगीरची गाडी मिळंल. पंढरीनं एक छत्री दिलीय, फुकट. त्याच्या धंद्यात हे पहिल्यांदा घडलं.

मी येत न्हाई. तुझ्या हाताशी सूप असतं.

पत्ता: शंकरप्पाचं हॉटेल, एसटी स्टँडसमोर, नायगाव.

पंचू

•

उदगीर,
१५ फेब्रुवारी

पंच्या,

काल काय झालं ते लिहिते. तू हसशील हे मला माहीत हाय. हस.

काल सोमवार. आंघोळ करून, लिंगपूजा करून मी विभूतीची ताटली घेऊन गोठ्यात गेले. टँकरच्या पाण्यातून एक तांब्या बसूसाठी राखून ठेवलेला. बघते तर बसू बसलेला, आणि त्याच्या अंगाला टेकून, छत्री उघडून, साखराबाई बसलेली. गोठ्यात ऊन न्हाई, तरी छत्री. तुझी चिठ्ठी तिनं बसूच्या शिंगाला अडकवून ठेवली होती.

मी म्हटलं, "ऊठ."

ती म्हणाली, "आज सोमवार हाय, अव्वा. हितं बसलेल्याला उठवत न्हाईत."

"ते बैलासाठी गं बये!"

"मग मला बैलापरमाणं धरा. तेवढं जरी धरलं तरी बास हाय."

पंचू, मी हातातली ताटली सावरली. दारात दगडोबा उभा होता. त्याला मी ह्याच कारणानं दिवसभर उभा केला होता ना, मेला तोंडाला रुमाल लावून हसत होता. तेवढ्यात तुळजाबाई आली, मागनं रत्नम्मा, मागनं सगळ्या. भाकरीची गाठोडी घेऊन बसूभोवती बसल्या. तुळजाबाई बसूला म्हणते, "सरक रे भाऊ, तुझ्या रीतीत आम्हाला बी घे." आणि तो सरकला! त्या बैलाला मी तो वासरू असल्यापासून हातानं गूळ खाऊ घातलाय.

तिकडं मिलची मोटार रिकामीच घुरघुरतेय. आता त्यांना हाकलू कशी? हात धरून उठवलं तर माझाच नेम मोडतो. आणि सासऱ्याचा फोटो समोरच्या भिंतीला.

तेवढ्यात जीप. खरंच सांगते, तेव्हाच. साहेब म्हणजे पोरगंच हाय, चष्मा नाकावरून घसरणारा. आत आला आणि सरळ गोठ्याच्या दारात. म्हणाला, "ह्या बाया इथे का बसल्यात?"

मी म्हटलं, "आज सोमवार. सुट्टी असते."

"मग मोटार चालू कशी?"

दगडोबा म्हणाला, "नीट चालती का ते बघून राहिलो, साहेब." आणि पळत जाऊन बंद केली. त्याला मी काल एक आख्खं धोतर कबूल केलंय.

साहेब खूष झाला. म्हणाला, "आठवड्याची सुट्टी देणारी मिल मी पहिल्यांदाच बघतोय. बहुतेक मालक मला वरच्या साहेबाची ओळख तरी दाखवतात किंवा चहा तरी पाजतात. तुम्ही बैलालासुद्धा देता!" मी म्हटलं, बैलाला तर आधीपासून देतो. ते खोटं न्हवतं.

मग त्याची नजर साखराबाईच्या पोटावर गेली. "ह्या बाई कामावर आहेत?"

 बसू रवंथ करायचा थांबला. मी म्हटलं, "ती बाळंतपणाच्या रजेवर हाय."

"रजेवर आहे तर इथे कशाला आली?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "बैलाला भेटायला."

त्यानं चष्मा वर सरकवला आणि तिला विचारलं, "खरं का हो बाई? पगारी रजा दिलीय तुम्हाला? घाबरू नका, खरं सांगा."

पंचू, मी पंधरा वर्षं मिल चालवली. भाव पडले, आग लागली, तुझे मामा गेले. पण त्या एका बाईच्या तोंडाकडं बघत मी जशी उभी राहिले तशी कधी उभी राहिले न्हाई. तिनं खरं सांगितलं असतं तर तिचा हक्कच होता. ती घाई करीना. बसूच्या वशिंडावरची गोचीड काढली, ती चिरडली, बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "हाव साहेब. कालपास्नंच. ह्याच्याबिगर करमेना म्हणून आले."

साहेबानं लिहून घेतलं, सोमवार सुट्टी आणि रजा, दोन्ही. म्हणाला, पुढच्या महिन्यात परत येईन. चहा प्याला न्हाई.

जीप गेल्यावर मी तिला म्हटलं, "का गं वाचवलंस मला?"

म्हणाली, "तुम्हाला कशाला वाचवू? मिल बंद पडली तर चाळणी कुठं शोधू? आता साहेबापुढं बोललाय ते करा म्हंजे झालं."

मी रजेचे पैसे तिथंच, बसूपुढं, तिच्या ओटीत घातले. विभूतीची ताटली हातातच होती, म्हणून तिच्या कपाळाला लावली. तुळजाबाई म्हणाली, "आता आमच्या बी." सगळ्यांच्या लावावी लागली. बसूला लावायला उरली न्हाई.

दारावर पाटी लावलीय, "सोमवारी मिल बंद." दगडोबानं खाली खडूनं लिहिलंय, "बैल व बाया." पुसायला सांगितलंय. अजून पुसलं न्हाई त्यानं. मीही बघितलं न बघितल्यासारखं करते.

दोन बोटांचं जे तू लिहिलंस ते वाचलं. उत्तर देत न्हाई.

गुरम्मा

•

बिलोली,
२ मार्च

ती. आत्याबाईस,

शंकरप्पाच्या हॉटेलात तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. "बैलाला भेटायला" इथं आल्यावर एका माणसाच्या नाकातून चहा आला. तो तलाठी होता.

काकांना नांदेडला निरोप दिला. त्यांनी उलट निरोप धाडला की त्या दिवशी ठसका का लागला ते तुझ्या आत्याला आता कळलं असंल.

मी आता बिलोलीत हाय. पंढरी पुढं तेलंगणाकडं गेला, मी मागं राहिलो. माझं मलाच नवल वाटतं. इथं मुकादमानं विचारलं, कागदावर नावं लिहिशील का, तर चार दिवस लिहिली. पाचव्या दिवशी एक कळसूत्री बाहुल्यांवाला आला, मग जमलं न्हाई.

एक विचारायचं होतं. साखराबाईची चाळणी कुणाकडं हाय? रत्नम्माकडं असंल तर हैद्राबादचा व्यापारी मुंगळे घेणार न्हाई. तिच्या जागी दुसरी कायमची बाई घेतलीस, तर बाळंत होऊन आल्यावर तिला काय म्हणशील? ह्यावर कायद्यात काय हाय ते मी विचारलं न्हाई. ह्या वेळी तुलाच विचारतो.

पंचू

•

उदगीर,
२९ मार्च

चि. पंचाक्षरी,

साखराबाईला मुलगी झाली. दोघी ठणठणीत हायत. भुजंगला कारखान्यावर निरोप गेलाय. पोरीचा आवाज असा हाय की मिलच्या भोंग्याची गरज न्हाई. मी खारीक-खोबरं घेऊन गेले होते. साखराबाईनं पहिलं काय विचारलं असंल? "चाळणीवर कोण हाय?"

तूही तेच विचारलंस, तीही तेच. दोघांना एकच उत्तर देते, म्हणजे कागद वाचंल.

रत्नम्माला मी परत सुपावर पाठवलं. दुसरी बाई घेतली न्हाई. घेतली असती तर ती परत आल्यावर एकीला उठवावं लागलं असतं, आणि उठवायचं माझं धाडस आता संपलंय. चाळणीवर मी बसते. हाव, मी. मालकीण. पहिल्या दिवशी तुळजाबाईनं मला शिकवलं, आणि शिकवताना जे काही म्हणाली ते तुला लिहीत न्हाई, तू अजून बिनलग्नाचा हायस. दुपारी कंबर गेली. दुसऱ्या दिवशी डोळे. तिसऱ्या दिवशी उठताना दगडोबानं हात दिला आणि म्हणाला, "अव्वा, काठी टोचू का?"

माझ्या डाळीत अजून खडे निघतात. व्यापाऱ्याला कळवलंय, जून लागेपर्यंत थोडं चावून खा.

काल सोमवार होता. सकाळी पूजा झाल्यावर मी विभूतीची ताटली घेऊन गोठ्यात गेले. बसू बसला होता. मी त्याला लावली, आणि मग काय झालं कोण जाणे, त्याच्या अंगाला टेकून खाली बसले. लई बरं वाटलं रे. डोळा लागला. हैद्राबादच्या व्यापाऱ्याचा माणूस आला होता म्हणे, मालकीण कुठं हाय विचारत.

तुळजाबाईनं त्याला दारातूनच परतवून लावला. सांगितलं, बसल्यात, उठवता येत न्हाई.

तुझी,
गुरम्मा आत्या

ता. क. सोबत कोरे कागद पाठवतेय, चांगले लांब हायत. पुन्हा कार्डावर कायदा लिहू नकोस.